सोमीचं प्रात्यक्षिक

सोमीचा डावा हात आता कोपरातून सरळ होत नाही. अंगणवाडीतलं खिचडीचं पातेलं उतरवताना ती तो हात पोटाशी धरते आणि उजव्या हातानं निभावून नेते. कोणी विचारलं, काय झालं गं हाताला, तर ‘पडले’ म्हणत नाही. ‘मारलं’ म्हणते. कोणी मारलं? ‘आमच्याच लोकांनी.’ पाड्यातल्या बाया समोर असल्या तरी ती हेच सांगते, आणि बाया तोंड फिरवतात. फिरवू द्या. तिनं का म्हणून खोटं बोलायचं?

ही सोमी तलासरी तालुक्यातल्या उंबरमाळपाड्याची. हायवे सोडून आत वळलं, ओहोळ ओलांडला की पाडा लागतो. आभाळ मोकळं असलं तर लांबवर विवळवेढ्याच्या महालक्ष्मीचा डोंगर दिसतो. आश्रमशाळेत तिची दहावी झाली, पाठोपाठ लग्न झालं, आणि नवरा बाबल्या वेरावळच्या बोटीवर खलाशी म्हणून गेला तो गेलाच. तिकडेच त्यानं दुसरी बाई केली. सासरी सोमीला घासाघासाला टोमणे. शेवटी तिचा भाऊ सुकऱ्या गेला, बहिणीची पेटी डोक्यावर घेतली आणि तिला घेऊन आला. आपल्या घराला लागून तिला कुडाची खोली बांधून दिली. बाजारात एकानं सोमीला ‘सोडलेली’ म्हटलं, तर सुकऱ्यानं त्याचा पुढचा दात पाडला. असा भाऊ! त्याचे हात डोक्याच्या आधी चालायचे, पण जीव लावला की लावला.

सुकऱ्याही खलाशीच. आठ महिने गुजरातच्या बोटीवर आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की घरी. शाळा चौथीत सोडलेली, पण मराठी, हिंदी आणि गुजराती फाडफाड बोलायचा. त्याचा त्याला भारी तोरा. ‘माझ्याशी कोणीही, कुठल्याही भाषेत बोला,’ असं दारू प्यायला की हमखास सांगायचा.

सोमीला अंगणवाडीत मदतनिशीचं काम लागलं. पोरांना घरून आणायचं, खिचडी शिजवायची, भांडी घासायची. सेविका वेगळी, ती डहाणूहून यायची. सोमीला सेविका व्हायचं होतं. पोरांना शिकवायचं होतं, नुसतं खाऊ घालायचं नव्हतं. २०१६ च्या पावसाळ्यात तलासरीत मुक्त विद्यापीठाचं अभ्यासकेंद्र आहे असं सुकऱ्याच्या कानावर आलं आणि तो बहिणीला फटफटीवर मागे बसवून थेट तिथे घेऊन गेला.

केंद्राचे संयोजक काशीनाथ सर, डहाणूच्या स्टेशनजवळ राहणारे, इस्त्रीच्या शर्टातले. त्यांनी बालशिक्षणाची पदविका समजावून सांगितली. आपल्याकडचं एक मुक्त विद्यापीठ आणि लंकेतलं एक मुक्त विद्यापीठ, दोघांनी मिळून ती काढली होती. थोडे धडे इकडच्या मास्तरांनी लिहिलेले, थोडे तिकडच्या, आणि दोन्हीकडच्या बाया आपापल्या भाषेत तेच शिकणार. घरी बसून शिकायचं, रविवारी केंद्रात यायचं.

“लंका म्हणजे रावणाची?” सुकऱ्यानं विचारलं.

“तीच रे बाबा,” काशीनाथ सर म्हणाले. “पण आता तिथे प्रोफेसर राहतात.”

दोन वर्षं दर रविवारी सोमी गेली. सुकऱ्या घरी असला की तो सोडायचा, नसला की ती हायवेपर्यंत चालत जायची. तिच्या आवडत्या पुस्तकावर नाव होतं प्रोफेसर गुणपाल यांचं. पोरांशी कसं वागावं याचं ते पुस्तक. त्यात एक वाक्य तिनं पेनानं अधोरेखित केलेलं: मुलाला भीती घालून गप्प करू नका, त्याच्या प्रश्नाला खरं उत्तर द्या, उत्तर कडू असलं तरी. एकदा तिनं ते सुकऱ्याला वाचून दाखवलं.

“म्हणजे नवशीनं विचारलं, बा दारू का पितो, तर मी खरं सांगू?”

“सांग ना.”

“तुला मारीन नि तुझ्या त्या सरालाही मारीन,” असं म्हणून सुकऱ्या खो खो हसला. नवशी त्याची पोर, तेव्हा धड चालायलाही लागली नव्हती. सुकऱ्याची बायको जिवली चुलीपाशी बसून हसत होती. किती साधं बोलणं ते! पण सोमीला ते आजही जसंच्या तसं आठवतं.

अभ्यासात एक गोष्ट फार मजेची होती. इकडच्या पोरांची गाणी रेकॉर्ड करून तिकडे पाठवायची, तिकडची इकडे यायची. उंबरमाळच्या पोरांचं टाळ्यांचं गाणं लंकेतल्या कुठल्याशा कोळीवाड्यात गेलं आणि तिथल्या एका बाईच्या आवाजातलं गाणं सोमीच्या फोनमध्ये आलं. अर्थ कोणाला कळतोय! पण चाल अशी की पोरं आठवड्याभरात धडाधड म्हणायला लागली. पाड्यात नाचताना, ओहोळात डुंबताना तेच गाणं. जिवली वैतागून म्हणायची, “काय गं सोमी, कसली भूतभाषा शिकवली यांना!”

२०१८ च्या जूनमध्ये काशीनाथ सरांनी सांगितलं की गुणपाल सर स्वतः येणार आहेत. सोमीचं शेवटचं प्रात्यक्षिक तेच बघणार. अंगणवाडीत पोरांबरोबर तिनं काम करायचं, त्यांनी बघायचं आणि पास-नापास ठरवायचं. पास झाली की पदविका हातात आणि सेविकेच्या जागेसाठी तिचं नाव पुढे. सोमी रात्ररात्र पुस्तकं घेऊन बसायला लागली. पण पाडा मात्र खूश! परदेशातून साहेब येणार! त्यांच्या डोळ्यांपुढे एक गोरा, उंच, टोपीवाला माणूस उभा राहिला. सुकऱ्यानं अंगणवाडीला आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, झेंडूचा हार आणून दाराच्या खिळ्याला लावून ठेवला, आणि तारपा वाजवणाऱ्या म्हाताऱ्याला सकाळपासून बसवून ठेवलं.

पण त्याच दिवसांत फोनाफोनांवर ती घाण फिरत होती. पोरं पळवणारी टोळी आली आहे, पोरांची काळजं काढून विकतात, साधू बनून येतात, भिकारी बनून येतात, मास्तर बनून येतात. कुठल्या मुलखातले रक्ताळलेले व्हिडिओ, कोणी पाठवले, कशाचा पत्ता नाही. बोटी बंद, त्यामुळे गडीमाणसं सगळी घरी, आणि हातात फोन. आयांनी पोरांना एकटं सोडणं बंद केलं. रात्री काठ्या घेऊन पहारे सुरू झाले. परक्या पाड्यात कोणी पाहुणा गेला तरी चार जण त्याला अडवून विचारत.

पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी सोमी त्यांना घ्यायला हायवेवर जाऊन उभी राहिली. सेविका बैठकीला डहाणूला गेली होती. पोरं अंगणवाडीत, बाया शेजारच्या खाचरात रोप काढत होत्या, आणि गडी पलीकडे चिंचेखाली बसले होते. काशीनाथ सरांची जीप आली ती पलीकडच्या मातीच्या रस्त्यानं, ड्रायव्हरला वाटलं तोच जवळचा. ओहोळाच्या काठी चाक रुतलं. काशीनाथ सर आणि ड्रायव्हर ढकलायला लागले. तेवढ्यात गुणपाल सरांच्या कानावर गाणं आलं. त्यांच्याच देशाचं गाणं, त्यांच्याच भाषेत, आणि म्हणणारी पोरं उंबरमाळची! माणूस हरखून गेला. बूट हातात घेतले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, काळी छत्री उघडली आणि बांधावरून निघाला. सावळा रंग, बुटकी अंगकाठी, डोक्यावर कुरळे केस. लांबून बघणाऱ्याला तो पाड्यातलाच कोणीतरी वाटावा.

पोरं घाबरली नाहीत. घाबरतील कशी, हा तर त्यांचंच गाणं म्हणत आला. ते अंगणवाडीच्या ओट्यावर बसले, पोरांचं गाणं रेकॉर्ड केलं, आणि पोरांना ऐकवावं म्हणून इयरफोन काढले. नवशी तेव्हा तीन वर्षांची, सगळ्यांत धीट. तिला मांडीवर घेऊन त्यांनी तिच्या कानांत इयरफोन घातले. नवशीनं डोळे गच्च मिटून घेतले.

खाचरातून जिवलीनं मान वर केली. परका माणूस, त्याच्या मांडीवर आपली पोर, पोरीच्या कानात वायरी, पोरीचे डोळे मिटलेले. जिवलीनं जी किंकाळी फोडली, ती ओहोळापर्यंत गेली. “धरली! माझी पोर धरली!”

चिंचेखालचे गडी उठले. सगळ्यांच्या पुढे सुकऱ्या. त्यानं नवशीला ओढून घेऊन जिवलीच्या अंगावर टाकलं आणि त्या माणसाची गचांडी धरली.

“कुठून आलास?”

गुणपाल सरांना कळेना. सुकऱ्यानं हिंदीत विचारलं, “किधर से आया?” उत्तर नाही. गुजरातीत विचारलं, “क्यांथी आव्यो?” तरी नाही. सर हात जोडून ‘टीचर, टीचर’ म्हणत राहिले. मास्तर बनून येतात हे तर फोनवर आलेलंच होतं! आणि आमच्याकडे बघा, भाजीवालीसुद्धा तीन भाषा बोलते. आपल्यासारखं तोंड, आपल्यासारखा रंग, आणि तिन्हीपैकी एकही भाषा येत नाही? असा माणूस सुकऱ्यानं आयुष्यात पाहिला नव्हता. त्याच्या लेखी याचा अर्थ एकच होता. हा नाटक करतोय, कळत असून बोलत नाहीये. गोरा असता तर याच हातांनी हार घातला असता. हार तिथेच लटकत होता की, वीतभर अंतरावर!

पहिली थोबाडीत बसली. मग लाथा. कोणीतरी छत्री मोडून तिच्याच दांड्यानं मारलं. ओट्यावरून खाली ओढलं, चिखलात फरफटवलं. सर काहीबाही ओरडत होते, ते कोणाला समजेना. मग त्यांना काय सुचलं कोण जाणे, तोंडातून रक्त येत असताना तेच गाणं म्हणायला लागले. पाड्यातल्या कोणाला तरी कळेल असे तेवढेच शब्द त्यांच्याकडे होते. पण मोठ्यांना कुठलं कळायला!

“मंत्र म्हणतोय! पोरांवर टाकलाय त्यानं!” कोणीतरी ओरडलं आणि दगड यायला लागले.

काशीनाथ सर धावत आले, “मी कॉलेजचा आहे, हे पाहुणे आहेत” असं म्हणेपर्यंत त्यांच्या डोक्यात काठी पडली. ते उलट पळाले. रक्त पुसत हायवेपर्यंत पळाले आणि तिथून पोलिसांना फोन लावला. पळपुटा म्हणून पुढे लोक त्यांना हसले. हसणाऱ्यांना काय जातंय? ते पळाले नसते तर त्या दिवशी पाड्यातून दोन मढी निघाली असती.

हायवेवर उभ्या सोमीनं त्यांना पाहिलं आणि ती तशीच पाड्याकडे सुटली. चप्पल कुठे पडली, पदर कुठे गेला, तिला भान नाही. ती पोचली तेव्हा गुणपाल सर अंगणवाडीच्या भिंतीला टेकून बसले होते, तोंडापुढे हात धरून. पुस्तकाच्या मागे छापलेला चेहरा तिनं त्या रक्तातही ओळखला. समोर सुकऱ्या, हातात बांबू.

“सुक्या, नको! सर आहेत ते! आपले सर!”

सुकऱ्यानं तिच्याकडे पाहिलं. नक्की पाहिलं. पण बांबू तोवर सुटला होता, आणि तो सरांच्या उजव्या डोळ्यावर बसला.

ती सरांवर पालथी पडली. पुढचं तिनं पाहिलं नाही, फक्त सोसलं. “हीपण टोळीतली! हिनंच बोलावलं!” असं कोणी म्हणालं आणि काठ्या तिच्यावर पडायला लागल्या. ज्यांच्या पोरांचं नाक तिनं रोज पुसलं, त्यांनी तिला मारलं. हात मोडल्याचं तिला आधी कळलंच नाही, हात आपला वाटेनासा झाला एवढंच. आणि मग अंगावर आणखी एक वजन आलं. मार थांबला नव्हता, पण तिला लागत नव्हता. सुकऱ्या तिच्यावर आडवा पडून पाठीवर काठ्या खात होता आणि किंचाळत होता, “माझी भईण आहे! माझी भईण आहे रे!”

पोलीस आले तेव्हा पाडा मोकळा झाला होता. तोरण तेवढं जागेवर होतं.

गुणपाल सरांना वापीच्या इस्पितळात नेलं. जीव वाचला, डोळा गेला. सोमीचा हात प्लास्टरमध्ये. पोलिसांनी पाड्यातले हाती लागले ते सगळे गडी उचलले, त्यात सुकऱ्याही. पाड्यानं एकमुखानं सांगितलं की आम्ही काही पाहिलं नाही. सोमीचा जबाब राहिला होता.

जबाबाच्या आदल्या संध्याकाळी काशीनाथ सर डोक्याला पट्टी बांधून तिच्या खाटेपाशी आले. “सोमी, जमावानं मारलं, एवढंच सांग. दोन विद्यापीठांचा करार आहे, वरून फोन येतायत, प्रकरण जितकं कमी वाढेल तितकं बरं. आणि शेवटी तुझा भाऊ आहे तो.”

“सर, तुमच्या डोक्यात कोणी मारलं?”

“मी नाही पाहिलं.”

“डोळा कोणी फोडला ते मी पाहिलं,” सोमी म्हणाली.

रात्रभर तिनं स्वतःशी भांडण केलं. ज्यानं पेटी डोक्यावर घेऊन आणलं, खोली बांधली, फटफटीवरून शाळेला नेलं, त्याचं नाव घ्यायचं? नाव घेतलं नाही तर वीसबावीस गडी आत सडतील, आणि डोळा गमावलेल्या माणसाला कोणी डोळा फोडलाच नाही असं होईल. तिला सुकऱ्याचा राग आला, स्वतःचा आला, फोनमधल्या त्या नालायक व्हिडिओंचा आला. सकाळी पोलिसांसमोर तिनं एकच नाव घेतलं. बाकी काठ्या कोणाच्या होत्या ते तिनं पाहिलं नव्हतं, तोंड चिखलात होतं. जे पाहिलं ते सांगितलं. तो माझ्यावर आडवा पडला हेही सांगितलं, पण त्यानं काही फरक पडला नाही. बाकीचे हळूहळू जामिनावर सुटून घरी आले. सुकऱ्यावर तीनशे सात, खुनाच्या प्रयत्नाचं कलम, लागलं आणि तो ठाण्याच्या तुरुंगात गेला.

जे तिच्यामुळे सुटले, त्यांनीच तिला वाळीत टाकलं. विहिरीवर ती गेली की बाया कळशा उचलून निघत. एकदा रात्री तिच्या कुडावर दगड आले. अंगणवाडीत पोरं येईनाशी झाली. नवीन सेविका हजेरी लावून निघून जाई, आणि सोमी मूठभर खिचडी शिजवून दारात बसून राही. सोडून जायचा विचार तिच्या मनात आला नाही असं नाही, पण जाणार कुठे?

एक दिवस जिवली आली. कडेवर नवशी. तिनं पोरीला खाली ठेवलं, सरळ चालत आली आणि सोमीच्या कानाखाली वाजवली. एकदा, मग पुन्हा एकदा. सोमीनं हात वर केला नाही.

“मी मजुरीला जाते,” जिवली धापा टाकत म्हणाली. “हिला खायला घाल. हिचा बाप तू नेलास, आता हिला तूच बघ.” आणि पाठ फिरवून रडत निघून गेली. तेव्हापासून अंगणवाडीत एक पोर यायला लागली.

२०१९ च्या उन्हाळ्यात काशीनाथ सर पुन्हा पाड्यात आले. पायी, आणि हायवेपासून दर चार पावलांवर मागे बघत. पाहुण्यांचं येणं-जाणं विद्यापीठांनी कायमचं बंद केलं होतं. पण गुणपाल सरांनी कळवलं होतं की सोमीचं प्रात्यक्षिक माझ्याकडे राहिलंय, ते मीच घेणार, फोनवर. सोमी म्हणाली, “सर, पोर एकच आहे.” काशीनाथ सर म्हणाले, “एक तर एक.”

त्यांनी फोन डब्याला टेकवून उभा केला. पडद्यावर गुणपाल सर आले. केस पांढरे झालेले, उजव्या डोळ्याच्या जागी कातडीची नुसती घडी. काळा चष्मा त्यांनी लावला नव्हता. सोमीनं हात जोडले. त्यांनीच मान हलवून सुरू कर म्हणून खुणावलं.

तिनं नवशीला मांडीवर घेतलं, चित्रं दाखवली, बिया मोजायला दिल्या. मग नवशीनं आपणहून ते गाणं सुरू केलं. पडद्यावरचा माणूस ओठ हलवून सोबत म्हणायला लागला. नवशी थांबली आणि फोनकडे टक लावून बघायला लागली.

“आत्या, याचा डोळा कोणी फोडला?”

काशीनाथ सर चपापले. पलीकडून गुणपाल सरांनी विचारलं की ती काय म्हणते. काशीनाथ सर इंग्रजीत काहीतरी सांगायला लागले. तेवढं सोमीला कळलं, पोरगी नाव विचारतेय असं ते म्हणत होते.

“सर, खरं सांगा त्यांना,” सोमी म्हणाली. मग तिनं नवशीचं तोंड आपल्याकडे वळवलं. “तुझ्या बानं फोडला, बाय. हे तुला पळवून नेतायत असं त्याला वाटलं. तो घाबरला होता. पण हे नेत नव्हते. गाणं ऐकवत होते.”

काशीनाथ सरांनी शब्दन्‌शब्द तिकडे सांगितलं. गुणपाल सर ऐकत राहिले. त्यांनी काहीच लिहून घेतलं नाही.

नवशी हातातल्या बिया चाळवत बसली. मग तिनं विचारलं, “आणि माझ्या बाला कोणी नेला?”

पोलिसांनी, असं म्हणता आलं असतं. सरकारनं, कोर्टानं, काहीही. तीन वर्षांपूर्वी पेनानं रेघ मारलेलं ते वाक्य ज्यानं लिहिलं, तो माणूस एका डोळ्यानं तिच्याकडे बघत होता, आणि त्याला या बोलण्यातलं एक अक्षर कळत नव्हतं.

“मी,” सोमी म्हणाली.

नवशी तिच्या मांडीवरून उठली. दारापर्यंत गेली, बाहेर पाहिलं. आई मजुरीला गेलेली, बाहेर कोणी नव्हतं. मग ती परत आली, आपली खिचडीची ताटली उचलली, आणि सोमीपासून लांब, पार पलीकडच्या भिंतीला टेकून खायला बसली.